खानदेशात कामे कशी लागत आली

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची, तेव्हा "तुम्हीही या खेपेस काही लिहा" असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. पाककृती आणि भरतकाम यांवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या हेच डोळ्यांपुढे येते. परंतु आपल्या खानदेशातली माणसे शेत सोडून जिनात, गिरणीत, रेल्वेत आणि पुढे सुरतेला कशी गेली, त्यांना तेथे कोणी नेले, कोणी उभे केले, हाही इतिहासच आहे. तो सासवांच्या आणि आयांच्या तोंडून मी ऐकत आले. काही वाचनालयातल्या पुस्तकांत सापडला, काही माझ्या मुलीने तिच्या कॉलेजच्या पुस्तकांतून वाचून दाखवला. त्याची येथे जमेल तशी जुळणी केली आहे.

आधी आपल्या बोलण्याकडेच पाहा. नोकरी 'मिळाली' असे आपण क्वचित म्हणतो. नोकरी 'लागते'. मुलगा 'कामाला लागतो', आणि बहुधा त्याला कोणीतरी 'लावून देतो'. माझे माहेर धुळ्याकडचे. तेथे बाजारात दोघी भेटल्या की अहिराणीत पहिला प्रश्न, "तुना पोऱ्या कामले लागना का व माय?" लागला म्हटले की दुसरा प्रश्न ठरलेला, कोणी लावला? तो आपला आपण लागला असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. शब्द टाकणे, चिठ्ठी देणे, भिडेला घालणे, वशिला लावणे, असे किती तरी प्रयोग आपल्या भाषेत आहेत. ज्या गोष्टीला इतके शब्द, ती गोष्ट जुनी असली पाहिजे.

फार जुनी मात्र नाही. पूर्वी बलुतेदाराचा मुलगा बलुतेदार आणि शेतकऱ्याचा मुलगा शेतकरी, तेथे कोणी कोणाला लावण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न उभा राहिला तो कापसाने आणि आगगाडीने. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत येऊन पोहोचली. जळगाव तेव्हा लहानसे गाव होते. ते कापसाची मोठी पेठ झाले. सरकी काढण्याची जिने आली, गाठी बांधण्याचे प्रेस आले, आणि १८७० नंतरच्या दशकात कापडाची गिरणीही आली. मूळजी जेठा यांच्या कंपनीची ही खानदेश मिल. त्यांचेच नाव आज आपल्या मू. जे. महाविद्यालयाला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी निघाली. पुढे धुळ्याला आणि चाळीसगावलाही गिरण्या झाल्या.

जिनात काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या, हे मात्र पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलेले असते. १८८४-८५ साली मुंबई सरकारने कारखान्यांची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे खानदेशातल्या जिनांची हकीकत आली, ती ऐकून अंगावर काटा येतो. हंगामात पहाटे चार-पाचपासून रात्री नऊ-दहापर्यंत काम चाले, आणि मार्च-एप्रिलच्या घाईत तर रात्रंदिवस. अशा कामाला बायका आणावयाच्या कोठून? जिनाचा मालक किंवा मॅनेजर गावोगाव फिरत नसे. तो मुकादमाला सांगे, आणि मुकादम आपल्या आळीतल्या, आपल्या भावकीतल्या, फार तर ओळखीतल्या ओळखीतल्या बायका घेऊन येई. टोळी मुकादमाची, हजेरी मुकादमाची आणि मजुरीही त्याच्याच हातून.

माझ्या आजेसासूबाई अशा टोळीतून जिनात जात. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. ओसरीवर बसून वाती वळीत आणि जुन्या गोष्टी सांगत. जिनात रुईचे तंतू नाकातोंडात जात, म्हणून बायका पदराने तोंड बांधून काम करीत. तोंड बांधलेले असले तरी बोलणे काही थांबत नसे, असे त्या हसून सांगत. कोणाच्या घरी काय शिजले इथपासून कोणत्या गिरणीत कोणते खाते वाढणार आहे इथपर्यंत सगळी खबर त्या पदराआडून फिरे.

आमच्या सासऱ्यांना गिरणीत काम लागले ते असेच. घरात सांगतात ते वेगळेच. "काकांनी लावून दिले," असे म्हणतात, आणि काकांचा त्या बाबतीतला मान शेवटपर्यंत राहिला. आजेसासूबाईंनी मला सांगितलेली हकीकत अशी की, जिनात त्यांच्या शेजारी बसणारी एक बाई होती. ती नात्याची नव्हती, गावची नव्हती, जातीचीही नव्हती. तिचा दीर गिरणीत जॉबर होता. एके दिवशी ती सहज बोलून गेली, की दिराच्या खात्यात दोन-तीन बदली घ्यावयाचे आहेत. आजेसासूबाईंनी संध्याकाळी घरी येऊन सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे काका टोपी घालून मुलाला गिरणीच्या दरवाजावर घेऊन गेले. टोपी काकांची होती, खबर आजेसासूबाईंची. परंतु जिनातल्या बाईच्या शब्दाने मुलगा कामाला लागला, हे सांगणे त्या काळी कोणास आवडले नसते. त्यांनीही ते चाळीस वर्षे कोणास सांगितले नाही.

हा जॉबर म्हणजे कोण, ते नव्या मुलींना ठाऊक नसेल. गिरणीतल्या प्रत्येक खात्यावर एक जॉबर असे. यंत्रे चालू ठेवणे हे त्याचे काम, आणि माणसे आणणे हे त्याहून मोठे काम. रजा तो देई, कामावरून तो काढी, अडीअडचणीला उसने पैसेही तोच देई. मुंबईच्या गिरण्यांतल्या जॉबरांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे, पण ही रीत देशातल्या बहुतेक गिरण्यांत होती. मालकाला ती सोयीची होती. मॅनेजर बहुधा परमुलखातला, त्याला मजुरांची भाषा येत नसे. मजूर पेरणीला आणि कापणीला गावी जात, लग्नासराईत जात, आजारी पडत. यंत्र तर थांबता कामा नये. मग रोज सकाळी दरवाजावर बदली उभे राहत आणि जॉबर त्यांतून बोट दाखवून माणसे आत घेई. बोट कोणाकडे दाखवावयाचे हे ठरविण्याची एवढी सत्ता ज्याच्या हाती, त्याच्या गावची आणि जातीची माणसे त्या खात्यात भरली तर नवल नाही.

ही मेहेरबानी फुकट नसे. तिला दस्तुरी म्हणत. पहिल्या पगारातून तर द्यावीच लागे, काही ठिकाणी दर महिन्याला. आमच्या सासऱ्यांनी काम कोठे केले ते येथे लिहीत नाही, कारण जी गोष्ट बहुतेक ठिकाणी होती ती एकाच्याच माथी का मारावी? पण पहिल्या दिवाळीला त्यांच्या जॉबराच्या घरी दोन शेर तूप आणि धोतरजोडी गेली, आणि त्या वर्षी आमच्या घरी कोणालाच नवे कापड आले नाही. तूप आणि धोतर ज्याच्या खबरीवरून जात होते, ती जिनातली बाई मात्र कधी आमच्या घरी चहालाही आली नाही.

बायकांच्या खात्यावर बाईच असे, हेही सांगितले पाहिजे. सुताच्या कांड्या आणि रिळे भरण्याच्या कामावर बायका असत, आणि त्यांच्यावर जी प्रमुख असे तिला नायकीण म्हणत. मुंबईत १९२० नंतरच्या दशकात गिरणीकामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या, म्हणजे नायकिणीच्या हातातही थोडी सत्ता नव्हती. ती दस्तुरी घेत नसे असे समजू नका. घेत असे, आणि नावडतीला छळीतही असे. पण नवरा वारलेल्या, टाकलेल्या, अंगावर पोर असलेल्या बाईला एखाद्या नायकिणीनेच उभे केले, अशाही गोष्टी आपल्या म्हाताऱ्या बायकांजवळ आहेत. पुढे रात्रीच्या कामाला बायकांना बंदी झाली, १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदे चांगल्या हेतूचे होते, पण मालकांना बायका महाग वाटू लागल्या. नवी यंत्रे आली तसतशा बायका कमी झाल्या, आणि नायकीण हा शब्दही गेला.

आता याच रीतीची दुसरी बाजू. ओळखीने ज्याला आत घेतात त्याचे भले होते. ज्याची ओळख नाही तो बाहेर राहतो, आणि तो बाहेर आहे हे आतल्यांच्या ध्यानातही येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात पगार चांगला होता. धोट्यातली कांडी बदलताना नव्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या धोट्याला अस्पृश्य मानलेल्यांचे तोंड लागलेले सवर्ण कामगारांस चालत नसे. तेवढ्या कारणावरून हजारो माणसांना त्या खात्याचा दरवाजा बंद होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. मालकाविरुद्ध एकजूट करा म्हणता, तर ह्या दरवाजाचे काय? हा दरवाजा मालकाने लावलेला नव्हता. तो कामगारांनीच, आपापल्या माणसांना आत घेता घेता लावला होता. आपण 'आपल्या माणसाचे काम झाले' म्हणून पेढे वाटतो, तेव्हा मला पुष्कळदा हा धोटा आठवतो.

सरकारच्या लक्षात ही गोष्ट आली नव्हती असे नाही. व्हिटले साहेबांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या मजूर कमिशनने १९३१ साली अहवाल दिला, की माणसे घेण्याची आणि काढण्याची सत्ता जॉबराच्या हातून काढा आणि त्यासाठी वेगळे अधिकारी नेमा. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत पाडली. मग दुसरे महायुद्ध संपले, सैन्यातून सुटलेल्या शिपायांना काम देण्यासाठी १९४५ साली सरकारी रोजगार कचेऱ्या निघाल्या, आणि थोड्याच वर्षांत त्या सर्वांना खुल्या झाल्या. लोक त्यांना 'एक्स्चेंज' म्हणत. १९५९ साली कायदा झाला, की पंचवीस किंवा अधिक माणसे ठेवणाऱ्या खाजगी मालकानेही रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवाव्यात. मौज अशी की, कळवाव्यात एवढेच बंधन होते. एक्स्चेंजने पाठविलेला माणूस घेतलाच पाहिजे असे नव्हते. शिवाय घरकाम, शेतकाम आणि कचेऱ्यांतली अकुशल कामे त्या कायद्यातून वगळलेली होती. म्हणजे आपल्यासारख्या बायकांना मिळणारी बहुतेक कामे वगळलेलीच. माझ्या मामाने धुळ्याला नाव नोंदविले होते. कार्डाचे नूतनीकरण करावयास तो नेमाने जाई. बोलावणे एकदा आले, तेव्हा त्याचे वय उलटून गेले होते.

परंतु वशिल्यावाचून काम लागल्याचा एक प्रसंग आपल्या राज्यात घडला, आणि तो मी माझ्या आईकडून ऐकला आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल. तेव्हा सुरू झालेल्या कामांतून रोजगार हमी योजना वाढली. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसविला तो तिच्यासाठी, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. खेड्यातल्या कोणाही सज्ञान माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले, तर सरकारने ते पंधरा दिवसांत द्यावे. तू कोणाचा, कोणी पाठविले, हे विचारावयाचे नाही. या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने आल्या. माझी आई पाझर तलावावर माती वाहत असे. मुकादम तेथेही होता, मापात मारणारा कारकूनही होता, मजुरी उशिरा मिळे. ह्या सर्व तक्रारी ती करी. तरी एक गोष्ट तिने मला कितीदा तरी सांगितली असेल. मस्टरवर तिचे स्वतःचे नाव लिहिलेले होते, आणि ते लिहिण्यापूर्वी कारकुनाने 'कोणाची बाई?' असे विचारले नव्हते.

पुढे गिरण्यांचे दिवस भरले. मुंबईचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला, त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या गिरण्याही त्याच सुमारास व पुढे एकामागून एक थंडावल्या. खानदेश मिलच्या जागेवर पुढे खानदेश सेंट्रल उभे राहिले. गिरणी गेली म्हणून लावून देण्याची रीत मात्र गेली नाही. तिने गाडी पकडली. तापी खोऱ्याची सुरत ते अमळनेर रेल्वे १९०० च्या सुमारास झाली होती, ती कापूस वाहून नेण्यासाठी. तीच गाडी आता माणसे नेऊ लागली. आज सुरतेला उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत जा, अहिराणी कानावर पडते, कानबाईचा उत्सव होतो, आणि भाजीच्या गाडीवर भरताची वांगी दिसतात. तिकडे गेलेला प्रत्येक जण कोणाच्या तरी पाठीमागून गेला. आधी मामा, मग भाचा, मग भाच्याचा मित्र. पहिले पंधरा दिवस खोलीवर पथारी टाकावयास जागा आणि जेवणाचा डबा, हे जो देतो तोच कारखान्यातही शब्द टाकतो. त्या खोलीवर पोळ्या लाटणारी वहिनी कोणत्या कारखान्यात माणसे घेत आहेत हे सर्वांत आधी जाणते, कारण दहा घरचे डबे तिच्याकडे असतात.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला, तेव्हा याच गाड्यांनी माणसे भरभरून परत आली. मी तेव्हा लहान होते. आमच्या गल्लीत आलेल्यांना कोणी दोन दिवस दारातही घेईना. साथ ओसरल्यावर ती सर्व पुन्हा गेली, आणि जाताना एक-दोन नवी पोरे बरोबर घेऊन गेली. २०२० च्या टाळेबंदीनंतरही असेच झाले. ज्यांना सुरतेची खोली नाही, अशी साक्री-शिरपूरकडची आणि नंदुरबारची भिल्ल-पावरा कुटुंबे दिवाळीनंतर बारडोली-मढीकडे ऊसतोडीला जातात. त्यांना नेणारा मुकादम उचल देतो. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. बाई ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर वाहते, आणि तिचे नाव कोठेच नसते. जिनातल्या मुकादमाला दीडशे वर्षे होत आली, तो मेला असे मला वाटत नाही.

मुलीच्या पुस्तकात अमेरिकेतली एक हकीकत निघाली, ती येथे सांगते. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या विद्वानाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावी अडीचशेहून अधिक नोकरदार पुरुषांना विचारले, की तुम्हांला नोकरी कशी लागली? १९७४ साली त्याचे पुस्तक निघाले. निम्म्याहून अधिकांना ओळखीने लागली होती. म्हणजे शिकलेल्या, सुधारलेल्या मुलखातही तेच. परंतु गंमत पुढे आहे. खबर देणारे बहुतेक जिवलग मित्र नव्हतेच. कधीमधी भेटणारी, लांबची माणसे होती. त्याचे म्हणणे असे की, जवळच्यांना आपल्याला ठाऊक तेवढेच ठाऊक असते. नवी खबर लांबच्याकडूनच येते. मुलीने हे वाचून दाखविले तेव्हा मला आजेसासूबाईंच्या शेजारची ती बाई आठवली. ना नात्याची, ना गावची.

एक गोष्ट मात्र त्या पुस्तकात नाही. त्याने विचारले ते सगळे पुरुष. बायकांना विचारले असते तर काय निघाले असते, असे मी मुलीला म्हटले. आपल्या हळदीकुंकवाला, भिशीला, पापड लाटण्याला जी खबर फिरते ती दिरासाठी, भाच्यासाठी, जावयासाठी. मी गेल्या वर्षभरात कान देऊन ऐकले. शिपायाची जागा, दुकानातला हिशेबनीस, एमआयडीसीतला ऑपरेटर, सर्व खबरा आपल्या बैठकीत येऊन गेल्या. 'माझ्यासाठी काही आहे का?' असे विचारणारी एकच निघाली. ती पलीकडच्या गल्लीतली, आपल्या मंडळाची सभासदही नव्हे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला शेजारणीबरोबर आली होती. डाळ-पन्हे घेता घेता तिने ऐकले, की एका दवाखान्यात आयाबाई पाहिजे. खबर आणणारीने ती आपल्या नणंदेसाठी आणली होती, म्हणून थोडी कुजबुज झाली. दोघीही गेल्या. जागा एक होती, ती या बाईला लागली. नणंद आता शाळेतल्या खिचडीच्या कामासाठी खटपट करीत आहे. तेथे कोणाची ओळख असेल त्या भगिनीने चिटणीसबाईंकडे सांगावे. आणि तेथे दोन जागा आहेत असे ऐकते, तेव्हा दुसरीसाठी कोणाला सांगावयाचे राहिले आहे तेही त्याच बैठकीत पाहू.